वाचून झालं की सांगा

"हे नाही जमलं हो मला," म्हणत साठीच्या एका बाईंनी जी.एं.चं 'काजळमाया' खिडकीतून आत सरकवलं. ग्रंथपाल ताईंनी पुस्तक हातात घेतलं, पण जमा केलं नाही.

"कुठवर वाचलंत?"

"दोन कथा झाल्या. तिसरी अर्धी. रात्री झोपच लागेना."

ताई उठल्या, मागच्या मांडणीतून 'बनगरवाडी' काढून आणली आणि बाईंच्या हातात दिली. "दुःख यातही आहे, पण ते उघड्यावरचं आहे. माळ आहे, मेंढरं आहेत. ही वाचून झाली की मला सांगा. आणि जी.एं.ची रजा मंजूर केलेली नाही मी. थोडे दिवस जाऊ देत, पुन्हा विचारणार आहे तुम्हाला."

बाई हसल्या, पिशवीत पुस्तक टाकून गेल्या. मग ताईंनी मला खुलासा केला. बाईंचे यजमान गेल्या वर्षी गेले. 'काजळमाया' त्यांना दिलं होतं ते कामावर नव्यानं आलेल्या मुलानं. त्याला हे ठाऊक नव्हतं. "झोप लागली नाही म्हणजे पुस्तक पोचलं. वेळ तेवढी चुकली. आता मी 'हलकंफुलकं घ्या' म्हटलं असतं तर त्यांना वाटलं असतं, आपल्याला जड पुस्तक झेपत नाही. तसं मुळीच नाही."

ठाण्यातल्या एका वाचनालयाच्या देवघेवीच्या खिडकीशी मी बसलो होतो, तो संपादकांनी दिलेल्या विषयामुळे. मराठी माणूस कथा-कादंबरी वाचतो ती कुणाच्या सांगण्यावरून, हा तो विषय. पुरस्कार, परीक्षणं, जाहिराती यांवर पुष्कळ लिहून झालंय, तुम्ही माणसांकडे जा, असं त्यांचं म्हणणं पडलं. म्हणून ठाणं, पुण्यातल्या पेठा, भिलार आणि शेवटी सांगली असा फिरलो. जिथे जिथे नवी कादंबरी खरोखर वाचली जाताना दिसली, तिथे तिथे "वाचून झालं की सांगा" म्हणणारं आणि ते मनापासून म्हणणारं कुणीतरी होतं. जिथे असं माणूस नव्हतं, तिथे कपाटात नवी पुस्तकं असूनही तीच ती दहा-बारा नावं फिरत होती.

दुमडलेला कोपरा

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं ११,००० हून अधिक आहेत. १९६७ च्या कायद्यानुसार त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्यानुसार अनुदान मिळतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय तर १८४० चं. पण वाचनालय जुनं असो की नवं, कथा-कादंबरीचं सगळं भवितव्य एका टेबलावर ठरतं. परत आलेलं पुस्तक जिथे उतरतं आणि नवं पुस्तक जिथून उचललं जातं, ते हे देवघेवीचं टेबल.

पूर्वी बहुतेक ठिकाणी कपाटं बंद असत. सभासदानं सूची चाळायची, चिठ्ठीवर पाच-सहा नावं लिहायची आणि आतून जे मिळेल ते घ्यायचं. चिठ्ठीवरचं एकही पुस्तक जाग्यावर नसलं की आतला माणूस आपल्या मनानं एखादं देई. आजच्या कितीतरी वाचकांच्या आवडीची सुरुवात अशा अनाहूत पुस्तकापासून झाली आहे. आता मुक्तद्वार पद्धत आली. कपाटांमधून हिंडता येतं, पुस्तक उघडून बघता येतं, हे चांगलंच झालं. पण हिंडणाऱ्याची नजर ओळखीच्या कण्यावर थांबते. 'मृत्युंजय', 'ययाती', 'स्वामी', वपु. ही पुस्तकं वाचली जावीतच. मात्र त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या २०१९ च्या कादंबरीला कुणी हात लावत नाही, कारण तिच्याबद्दल कुणी काही बोललेलं नसतं.

ताईंची काम करायची पद्धत मी बारकाईनं पाहत होतो. पुस्तक परत आलं की त्या आधी पुस्तकाच्या आतल्या चिठ्ठीवरची तारीख बघतात. जाडजूड कादंबरी दोन दिवसांत परत आली, तर ती एकतर झपाटून वाचलेली असते नाहीतर टाकून दिलेली. यातलं कुठलं, ते कळण्यासाठी त्या पान उलगडतात. टाकून दिलेल्या पुस्तकात चाळिसाव्या-पन्नासाव्या पानाचा कोपरा दुमडलेला सापडतो. तो त्या बोटानं सरळ करतात, आणि पुढच्या खेपेला त्या वाचकाला बरोबर त्या जागेबद्दल विचारतात. कोपऱ्यांखेरीज खुणाही असतात. एका कादंबरीच्या सतराव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीचे तीन बारीक ठिपके होते, तिघांच्या तीन तऱ्हांचे. आपण हे वाचलंय हे पुन्हा नेताना कळावं म्हणून वयस्क सभासद अशी खूण करून ठेवतात. ताई त्या पुसत नाहीत. कुठल्या पुस्तकावर किती ठिपके आहेत, हे त्यांना दाखल नोंदीपेक्षा जास्त सांगून जातं.

'स्वामी' वाचून झाल्यावर

सगळ्यात अवघड मागणी कोणती, असं विचारलं तर ताई म्हणाल्या, "'असंच दुसरं द्या.' 'स्वामी' वाचून आलेला माणूस म्हणतो, असंच द्या. असंच म्हणजे कसं, हे त्याला सांगता येत नाही आणि ते त्यानं सांगावं अशी अपेक्षाही नाही. ते आपण शोधायचं."

मग त्या बोलतं करतात. पेशवाईचा थाट आवडला, की माधवराव-रमाबाईंचा संसार? संसार आवडला असेल तर वाट एकीकडे जाते, काळ आवडला असेल तर दुसरीकडे. काळात रमणाऱ्यासाठी त्यांनी एक जिनाच तयार ठेवला आहे. 'स्वामी'नंतर श्री. ना. पेंडसे यांचं 'तुंबाडचे खोत'. दोन खंड आहेत म्हणून लोक बिचकतात, पण राजवाड्यातून उतरून कोकणातल्या एका घराण्याच्या माजघरात शिरलं की चार पिढ्या कशा सरतात ते कळत नाही. तिथून नंदा खरे यांची 'अंताजीची बखर'. काळ पुन्हा अठराव्या शतकाचा, पण बोलणारा सामान्य माणूस. राजे-सरदारांच्या पराक्रमाकडे तो खालून बघतो, आणि 'स्वामी'त वाचलेला काळ वाचकाला अगदी वेगळ्या बाजूनं दिसू लागतो. तिथवर आलेल्याला रंगनाथ पठारे यांचं 'सातपाटील कुलवृत्तांत' द्यायला हरकत नाही. शेकडो वर्षांचा पट आणि शेकडो पानं, दोन्ही पेलायची तयारी तोवर झालेली असते.

या जिन्याची एक पायरी गाळली तर काय होतं? 'स्वामी'च्या वाचकाला थेट 'अंताजीची बखर' दिली तर तो दुखावतो, हा ताईंचा अनुभव. मधे पेंडसे आले की दुखावत नाही. का, ते त्यांना नेमकं सांगता येईना. मला वाटतं, खोतांच्या घरातली हाव, भांडणं, देवभोळेपणा आणि माया एकत्र वाचल्यावर मोठ्या माणसांना माणूस म्हणून बघायची सवय लागते.

याच वाटेनं गेलेले एक निवृत्त बँक अधिकारी मला तिथेच भेटले. शेवटी ते नंदा खऱ्यांच्या 'उद्या'पाशी पोचले. नजीकच्या भविष्यातली कादंबरी. तिला साहित्य अकादमीचा २०२० चा पुरस्कार जाहीर झाला होता आणि खऱ्यांनी तो नाकारला होता. "भविष्यावरचं पुस्तक मी कधी हातात धरलं नसतं," ते म्हणाले. "पण या माणसानं मला अंताजी दाखवला होता. म्हटलं, हा सांगतोय तर बघू." एका लेखकावर बसलेला विश्वास वाचकाला ऐतिहासिक कादंबरीतून उचलून विज्ञान-तंत्रज्ञानाच्या जगात घेऊन गेला. त्या विश्वासाची सुरुवात मात्र खिडकीपलीकडच्या बाईंवर ठेवलेल्या विश्वासानं झाली होती.

छापून येणारी शिफारस

हे काम छापील पानांवरूनही झालं. केशवराव कोठावळे यांनी १९६४ च्या जानेवारीत 'ललित' मासिक काढलं, ते ग्रंथव्यवहाराला वाहिलेलं. जयवंत दळवींचा 'ठणठणपाळ' त्यातलाच. साहित्यिकांच्या टोप्या उडवता उडवता तो वाचकाला कुठली पुस्तकं चर्चेत आहेत तेही सांगून जाई. गावोगावचे वाचक अंक आला की नव्या पुस्तकांवर खुणा करत आणि वाचनालयाच्या मागणी वहीत ती नावं उतरवून ठेवत.

१९७४ मध्ये सुरू झालेल्या 'ग्रंथाली'नं आणखी एक पाऊल टाकलं. स्वतःला तिनं वाचक चळवळ म्हणवलं. वाचकांनी आगाऊ पैसे भरायचे, त्यातून पुस्तक निघायचं आणि सवलतीत घरी यायचं. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ मध्ये असंच ग्रंथालीकडून आलं. ते आत्मकथन, म्हणजे या लेखाच्या कक्षेबाहेरचं. पण ते वाचलेल्या अनेकांनी पुढे बाबुराव बागुलांचं 'जेव्हा मी जात चोरली होती' शोधून वाचलं. हा कथासंग्रह १९६३ चा, 'कोसला'च्याच वर्षीचा. एकाच वर्षी आलेल्या या दोन पुस्तकांना वाचक मिळण्याच्या वाटा मात्र वेगवेगळ्या. 'कोसला' वसतिगृहांच्या खोल्यांतून एका हातातून दुसऱ्या हातात गेली. बागुलांच्या कथा अभ्यासवर्गांतून, वस्त्यांमधल्या वाचनालयांतून गेल्या. या दोन वाटांवरच्या वाचकांनी एकमेकांना पुस्तकं सुचवायला बराच काळ जावा लागला, आणि ते अजून पुरतं झालेलं नाही असं माझं मत आहे. आपण पुस्तक सुचवतो ते आपल्या ओळखीच्या वर्तुळात. वर्तुळाबाहेरचा माणूस भेटला नाही तर वर्तुळाबाहेरची कादंबरीही भेटत नाही.

अभ्यासिकेतल्या पाण्याच्या पिंपाशेजारी

पुण्याच्या पेठांमधून स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिका पसरल्या आहेत. लाकडी खोपटात डोकं घालून बसलेली मुलंमुली, टेबलावर राज्यघटना आणि चालू घडामोडी. यांना कादंबरी वाचायला कुठला वेळ, असं मी धरून चाललो होतो. एका अभ्यासिकेत पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी लोखंडी मांडणीवर तीस-चाळीस पुस्तकं दिसली. चालक म्हणाले, "पाणी प्यायला सगळेच येतात, म्हणून इथे ठेवली. नोंद नाही, दंड नाही. नेणाऱ्यानं आणून ठेवायचं."

मांडणीवरची सर्वांत फाटकी प्रत होती सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ची. पाठीला चिकटपट्टी, आतली काही पानं झेरॉक्स करून डकवलेली. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे, पण इथे तो कुणाच्या बोलण्यात आला नाही. बुलडाणा जिल्ह्यातला एक मुलगा भेटला. त्याला ती रूममेटनं दिली होती.

"काय सांगून दिली?"

"काहीच नाही. म्हणाला, एकनाथ म्हणजे तूच आहेस, वाच. वाचून झालं की बोलू."

शिकून नोकरी न मिळालेला, कोरडवाहू शेतीत परत अडकलेला एकनाथ. मुलगा पुढे म्हणाला, "सर, दोन दिवस अभ्यास झाला नाही. मग आम्ही दोघं सारसबागेपर्यंत चालत गेलो आणि पहिल्यांदा घरच्या कर्जाबद्दल बोललो. तीन वर्षं एका खोलीत राहतोय, तोवर कधीच बोललो नव्हतो."

रूममेटनं कादंबरीची गोष्ट सांगितली नाही, थोरवी सांगितली नाही. पुस्तकात तू आहेस, एवढंच म्हणाला. असं म्हणायला समोरच्याला ओळखावं लागतं, आणि पुस्तकही खरंच वाचलेलं असावं लागतं. त्या मुलानं आता पुढची मागणी केली आहे, "शेतीचं नको, शहराचं द्या." चालकांनी जयंत पवारांचा 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' मांडणीवर आणून ठेवला आहे. गिरणगाव मोडून पडल्यावर तिथल्या माणसांचं काय झालं, हे त्या कथांइतकं जवळून सांगणारं पुस्तक मला तरी दुसरं माहीत नाही. शहरात नशीब काढायला आलेल्या मुलानं ते वाचावं, ही निवड मला फार नेमकी वाटली.

घर, पेटी आणि मोजकी पुस्तकं

पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं भिलार मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून कल्पना आली, राज्य मराठी विकास संस्थेनं ती राबवली आणि गावातली घरं, लॉज, शाळा, मंदिर अशा पंचवीस ठिकाणी सुरुवातीला पुस्तकं मांडली गेली. प्रत्येक जागेला एकेक साहित्यप्रकार दिलेला. घरात शिरायचं, खुर्ची ओढायची, वाचत बसायचं.

कादंबऱ्या मांडलेल्या घरातल्या वहिनी स्ट्रॉबेरीचे खोके भरता भरता बोलत होत्या. पाहुणे दुपारी येतात, तासाभरात जेवढं होतं तेवढं वाचतात. बसची वेळ झाली की पुस्तक मिटावं लागतं. त्यामुळे तासाभरात धरून ठेवणारी आणि पुढे घरी जाऊन विकत घ्यावीशी वाटणारी कादंबरी कोणती, याचा त्यांच्याइतका अंदाज क्वचितच कुणाला असेल. मिलिंद बोकिलांची 'शाळा' त्या बेधडक हातात देतात. "नववीतली पोरं आहेत. बाप वाचायला घेतो आणि मुलगा बापाच्या खांद्यावरून वाचतो," त्या म्हणाल्या.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची रीत उलटी. तिथे पुस्तकांची पेटीच वाचकांच्या घोळक्याकडे येते, काही महिन्यांनी दुसऱ्या घोळक्याकडे जाते, आणि बदल्यात नवी पेटी येते. दुबईच्या मराठी मंडळींपर्यंत या पेट्या गेल्या. डोंबिवलीत पै फ्रेंड्स लायब्ररीचा पुस्तक आदानप्रदान सोहळा भरतो, तिथे आपलं वाचलेलं द्यायचं आणि दुसऱ्याचं घ्यायचं. या सगळ्यांत मला पेटीची रीत विशेष भावते. पुस्तकं मोजकी असल्यामुळे सगळेजण तीच वाचतात, आणि सगळ्यांनी तेच वाचलं की बोलायला विषय होतो. हजारो पुस्तकांच्या दालनात प्रत्येकजण वेगळं वाचतो आणि एकटा राहतो.

पहिली वीस पानं मोठ्यानं

काही चांगल्या कादंबऱ्या उंबऱ्यावर अडवतात. सुचवणाऱ्यानं तो उंबरा आधी सांगायला हवा, नाहीतर दोष पुस्तकावर येतो.

उद्धव शेळके यांची 'धग' १९६० ची. कौतिक नावाच्या बाईची संसार सावरायची धडपड, आणि बोली वऱ्हाडी. पुण्या-मुंबईच्या वाचकाला मी सांगतो, पहिली वीस पानं मोठ्यानं वाचा. डोळ्यांना अडखळवणारे शब्द कानाला कळतात. एकविसाव्या पानापासून मनात वाचलं तरी कौतिकचा आवाज ऐकू येतो. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा'लाही हेच लागू. मराठवाड्यातल्या एका शिंप्याची बायको आपल्या तोंडानं घराची वाताहत सांगते. कादंबरी लहान, पण बोलीतून उतरवलेलं ते दुःख पुस्तक मिटल्यावरही उतरत नाही.

किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' देताना सांगायचं की प्रसंगांचा क्रम शोधत बसू नका, तो लेखकानंच मोडला आहे. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' देताना काहीच सांगायचं नाही. १९३९ ची कादंबरी, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर युरोपातून निघालेली बोट, मराठी तरुण आणि जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू तरुणी. एका बैठकीत संपते. युद्धाच्या आणि निर्वासितांच्या बातम्या रोज कानावर पडतात त्या दिवसांत तरुण वाचकाला पहिली जुनी मराठी कादंबरी द्यायची, तर मी हीच देईन. ती जुनी आहे हे त्याला वाचून झाल्यावरच कळतं.

नव्यांबद्दल बोलताना माझा हात आधी लघुकथांकडे जातो. किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला २०२१ चा अकादमी पुरस्कार मिळाला. गावातून शिकायला बाहेर पडलेल्या मुलाची घालमेल त्यांनी ज्या धिमेपणानं टिपली आहे, तो आजच्या मराठी कथेचा मोठा ऐवज आहे. 'आपल्याकडे आता चांगलं कोण लिहितंय?' असा सुस्कारा टाकणाऱ्या प्रत्येकाला हे पुस्तक द्यावं. मराठीत कादंबरीची आवृत्ती बहुधा ५०० ते १,००० प्रतींची निघते. एवढ्या मोठ्या भाषेत एवढ्या प्रतींना वाचक मिळवून देणं हे एकट्या प्रकाशकाच्या आवाक्यातलं काम नाही. दहा वाचकांनी प्रत्येकी दहा जणांना मनापासून सांगितलं, तरी आवृत्तीला धक्का लागतो.

सांगलीची भिशी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगली शहरात शिरलं आणि दिवसेंदिवस हटलं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्या एका शिक्षिकेचं पुस्तकांचं कपाट पाण्यात गेलं. पाणी ओसरल्यावर पानं एकमेकांना चिकटून लगदा झाला होता. कपाटाचं दार फोडावं लागलं, कारण फुगलेल्या पुस्तकांनी ते आतून धरलं होतं. त्यांच्या मैत्रिणींची आधीपासून पैशांची भिशी होती. त्या महिन्याची भिशी सगळ्यांनी मिळून यांना दिली आणि अट घातली की यातून भांडी नाही, पुस्तकंच घ्यायची.

त्यातून पुस्तक भिशी सुरू झाली, ती चालू आहे. अकरा जणी आहेत. दर महिन्याला थोडे पैसे जमतात, जिची चिठ्ठी निघेल तिनं आपल्या आवडीची कादंबरी किंवा कथासंग्रह विकत आणायचा. तो आधी इतरांनी वाचायचा, आणणारीनं शेवटी. आणणारीनं हे पुस्तक का आणलं, ते पहिल्या बैठकीत पाच मिनिटांत सांगायचं. 'छान आहे' आणि 'अप्रतिम आहे' हे शब्द वापरायचे नाहीत, हा नियम कपाट गेलेल्या बाईंनीच केला. "सगळंच अप्रतिम असतं तर निवड कशाला करायची?" असं त्या मला म्हणाल्या.

मी गेलो त्या संध्याकाळी कविता महाजन यांच्या 'ब्र'वर बोलणं होणार होतं. कामानिमित्त आदिवासी पाड्यांमधून फिरणारी प्रफुल्ला आणि तिला भेटणाऱ्या महिला सरपंच. कादंबरी २००५ ची, लेखिका २०१८ मध्ये गेल्या. भडंग आणि चहा झाल्यावर सुरुवात झाली ती तक्रारीनं.

"मला ही कादंबरी वाटलीच नाही," एक काकू म्हणाल्या. "नुसते अहवाल वाचतोय असं वाटत होतं. एक बाई भेटली, दुसरी भेटली, तिसरी भेटली."

"काकू, पण तेच तर होतं ना तिचं काम. ती गोष्ट सांगायला गेलीच नव्हती, ऐकायला गेली होती," पुस्तक आणणारी तिशीची मुलगी म्हणाली.

"ते ठीक आहे गं. पण मला प्रफुल्लाचं घर हवं होतं, तिचा नवरा, तिचा मुलगा. ते आलं की लगेच परत पाडा."

इतका वेळ गप्प असलेल्या एक ताई मग बोलल्या. त्यांचं माहेर आटपाडी तालुक्यात. "आमच्या गावात राखीव जागेवर माझी चुलत वहिनी सरपंच झाली होती. सह्या ती करायची, खुर्चीत दादा बसायचा. मी सुट्टीला गेले की तिला चिडवायचे, सरपंचबाई म्हणून. ती नुसतं हसायची. हे वाचल्यावर मी तिला फोन केला. विचारलं, तुला तेव्हा काय वाटत होतं? तासभर बोलली. मला वाटतं काकूंना जे अहवाल वाटले, ते मला वहिनीचे फोन वाटले."

काकूंनी आपलं मत बदललं नाही. कादंबरी सैल आहे, असंच त्या शेवटपर्यंत म्हणत राहिल्या, आणि मला ते बरं वाटलं. आग्रह धरणाऱ्या वाचकाइतकाच नाकारणारा वाचकही भिशीला लागतो. त्याच्यामुळे आणणारीला आपली आवड तपासून घ्यावी लागते. निघताना मात्र काकूंनी त्या ताईंना थांबवून विचारलं, "तुझ्या वहिनीला वाचायला देणार आहेस का ही?" ताई म्हणाल्या, "दिली. तिचं म्हणणं तुमच्यासारखंच आहे. म्हणाली, प्रफुल्लाबाईंबद्दल अजून पाहिजे होतं."

पुढच्या महिन्याची चिठ्ठी निघाली ती नेमकी काकूंच्या नावानं. त्यांनी आणायचं ठरवलं कृष्णात खोत यांचं 'रिंगाण', २०२३ च्या अकादमी पुरस्काराचं. धरणामुळे उठवलेलं गाव, मागे राहिलेली म्हैस आणि तिला आणायला परत गेलेला माणूस. का, ते पाच मिनिटांत सांगायचं होतं. काकूंना एक मिनिट पुरलं. त्यांचे आजोळचे लोक कोयनेच्या पाण्यामुळे उठले होते. जनावरांचं काय झालं, हे त्यांनी लहानपणी आजीला विचारलं होतं आणि आजी उठून आत निघून गेली होती.

प्रत एकच येणार म्हणून वाचायचा क्रम तिथेच वहीत लागला. माहेर आटपाडीचं असलेल्या ताईंनी पहिला नंबर मागून घेतला, कारण पुढच्या आठवड्यात त्या गावी जाणार आहेत आणि वहिनी आता वाट बघते. दोघींना मिळून सहा दिवस मिळाले आहेत.